डेटा आला, सेटिंग्ज मागेच राहिल्या : पोस्टग्रेस अपग्रेडनंतर दर वेळी होणारा घोळ

आधी लक्षणं सांगतो. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसचं मेजर व्हर्जन बदललं, डेटा सगळा आला, टेबलांतल्या ओळी मोजून पाहिल्या तर जुळल्या, अ‍ॅप्लिकेशन लॉगिनही झालं. सकाळी फोन येतो की पाच मिनिटांत निघणारा रिपोर्ट अजून फिरतोच आहे. दोन दिवसांनी कळतं की बॅकअपमध्ये नवीन काहीच गेलेलं नाही. महिन्याभराने सर्व्हर रीबूट होतो आणि जुनाच क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरखाली चालणारा डेटाबेसांचा संच) उठून बसतो.

आमच्याकडे तीन अपग्रेडमध्ये तीनदा असं झालं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, त्यामुळे हा एकच आजार आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. पहिल्यांदा वर्क_मेम (क्वेरीतल्या सॉर्टिंगसारख्या कामाला मिळणारी मेमरी) परत ४ एमबीवर गेलं होतं, म्हणजे कुणीच हात लावला नाही तर जेवढं असतं तेवढं. दुसऱ्यांदा आर्काइव्ह_मोड, म्हणजे बॅकअपसाठी बदलांच्या नोंदी साठवायची सोय, बंद. तिसऱ्यांदा मॉनिटरिंगच्या यूजरसाठी पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये (कुणाला कुठून लॉगिन करता येईल ते ठरवणारी फाइल) ओळच नव्हती, त्यामुळे अलर्ट येत नव्हते आणि आम्ही समजत होतो की सगळं आलबेल आहे. प्रत्येक वेळी चूक दुरुस्त केली, वहीत एक ओळ लिहिली, आणि पुढच्या अपग्रेडला वहीतली ती ओळ सोडून भलतीच गोष्ट राहिली. वही वाढत गेली, रात्री दोन वाजता ती वाचणाऱ्याचे डोळे मात्र तेच.

काय आपोआप येतं, काय येत नाही

पीजी_अपग्रेड हे डेटा हलवणारं साधन आहे. इनिटडीबी या कमांडने आधी एक कोरा नवा क्लस्टर तयार होतो आणि जुन्याची टेबलं, इंडेक्स, रोल, पासवर्ड त्यात येतात. ऑल्टर रोल किंवा ऑल्टर डेटाबेस वापरून एखाद्या यूजरला वा डेटाबेसला चिकटवलेल्या सेटिंग्जसुद्धा येतात, कारण त्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबलांत, असतात.

जे फाइलमध्ये आहे ते येत नाही. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ नाही, पीजी_एचबीए.कॉन्फ नाही, आणि सगळ्यात जास्त फसवणारी पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ तर नाहीच. ऑल्टर सिस्टिम ही कमांड जे लिहिते ते या शेवटच्या फाइलीत जातं. कधीतरी ऐन गर्दीच्या वेळी कुणीतरी सर्व्हर वाचवण्यासाठी ती कमांड चालवलेली असते. ती कुठल्या रेपॉझिटरीत नसते आणि कुणाच्या आठवणीतही नसते. आमचं वर्क_मेम तिथेच होतं. आम्ही मात्र पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ दोन्हीकडची शेजारी शेजारी ठेवून 'फरक काहीच नाही' म्हणत बसलो होतो.

पोस्टग्रेसच्या बाहेरच्या गोष्टी वेगळ्याच : सिस्टिमडीची सर्व्हिस (सर्व्हर आपोआप सुरू करणारी), क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी चालणाऱ्या) ओळी, बॅकअपच्या साधनात लिहिलेला डेटा डिरेक्टरीचा पाथ. पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन वापरत असाल तर मेजर व्हर्जन बदलल्यावर स्टॅन्झा-अपग्रेड ही कमांड द्यावीच लागते. तिच्यावाचून नव्या क्लस्टरचं आर्काइव्हिंग अडतं.

आधी मोजून ठेवा

हे सगळं तपासणारी स्क्रिप्ट लिहायला घेण्याआधी जुन्या क्लस्टरचा एक फोटो काढून ठेवायचा. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधून नाव, किंमत आणि सोर्स हे तीन कॉलम घ्या, सोर्स 'डीफॉल्ट' आणि 'ओव्हरराइड' असलेल्या ओळी वगळा, नावाने क्रम लावा आणि फाइलीत साठवा. अपग्रेडनंतर तीच क्वेरी नव्यावर चालवायची आणि डिफ (दोन फाइलींतला फरक) घ्यायचा. सुपरयूजर म्हणूनच चालवा, कारण साध्या यूजरला काही सेटिंग्ज दिसतच नाहीत आणि डिफ खोटाच स्वच्छ येतो. आम्ही वर्षानुवर्षं डोळ्यांनी शोधत होतो ते या डिफमध्ये दहा सेकंदांत समोर आलं.

तिथेच पेंडिंग_रीस्टार्ट नावाचा कॉलमही बघून घ्या. तो 'खरं' दाखवत असेल तर फाइलमध्ये एक किंमत आहे आणि चालू सर्व्हरमध्ये दुसरी. कुणीतरी बदल केला आणि रीस्टार्ट करायचं राहून गेलं. अपग्रेडमध्ये रीस्टार्ट होणारच आहे, म्हणजे तो जुना विसरलेला बदल त्याच रात्री लागू होणार आणि दोष अपग्रेडला लागणार.

फोटोत आणखी तीन गोष्टी घेतो : प्रत्येक डेटाबेसमधली एक्सटेन्शनं (वरून जोडलेल्या सोयी) आणि त्यांची व्हर्जनं, पीजी_एचबीए_फाइल_रूल्स व्ह्यूमधल्या ओळी, आणि रेप्लिकेशन स्लॉटची (दुसऱ्या सर्व्हरकडे बदल कुठपर्यंत गेले त्या नोंदींची) यादी. लॉजिकल स्लॉट पीजी_अपग्रेडबरोबर हलायला लागले ते १७ पासून, आणि तेही जुना क्लस्टर १७ किंवा पुढचा असेल तरच. त्याआधीच्या व्हर्जनवरून येताना स्लॉट नव्याने करावे लागतात.

जुनी फाइल उचलून नव्यात टाकू नका

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं, मलाही सुचलं होतं. सर्व्हर उठलाच नाही. बहुतेक मेजर व्हर्जनमध्ये काही पॅरामीटर काढून टाकलेले असतात, आणि फाइलमध्ये अनोळखी नाव दिसलं की पोस्टग्रेस सुरूच व्हायला नकार देतं. १३ मध्ये वॉल_कीप_सेगमेंट्स (वॉल, म्हणजे बदलांच्या नोंदी, किती राखायच्या ते सांगणारं) गेलं आणि वॉल_कीप_साइझ आलं. नुसतं नाव बदलून भागत नाही, एकक बदललंय : आधी सेगमेंटची संख्या लिहायची, आता आकारमान. सेगमेंट नेहमीच्या १६ एमबीचा असेल तर जुने ६४ म्हणजे नवे १०२४ एमबी. १५ मध्ये स्टॅट्स_टेम्प_डिरेक्टरी गेलं, १६ मध्ये व्हॅक्यूम_डिफर_क्लीनअप_एज आणि प्रमोट_ट्रिगर_फाइल, १७ मध्ये ओल्ड_स्नॅपशॉट_थ्रेशोल्ड.

यावर आमचा तोडगा असा : पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फला हातच लावायचा नाही. ती पॅकेजबरोबर येते तशीच ठेवायची. आपले बदल कॉन्फ.डी या डिरेक्टरीत एका वेगळ्या फाइलीत ठेवायचे. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजात ती डिरेक्टरी आधीच जोडलेली असते, बाकीकडे इन्क्लूड_डिर ही ओळ उघडावी लागते. आमची ती फाइल जेमतेम बावीस ओळींची आहे आणि गिटमध्ये आहे. नवा सर्व्हर सुरू करण्यापूर्वी पोस्टग्रेसच्या बायनरीला मोठ्या 'सी'चा पर्याय देऊन शेअर्ड_बफर्सची किंमत विचारायची. फाइलीत चुकीचं नाव असेल तर ती तिथेच तक्रार करते, सर्व्हर सुरू करून पाहावा लागत नाही.

ऑल्टर सिस्टिम आम्ही जवळपास बंदच केली. त्यामागे आणखी एक अनुभव आहे. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज ही यादी असते. दोन लायब्ररींची नावं एकाच अवतरणचिन्हात स्वल्पविराम देऊन लिहिली, की पोस्टग्रेस त्या सगळ्याला एकाच लायब्ररीचं नाव समजतं. कमांड बिनतक्रार होते. रीस्टार्ट केला की अशा नावाची लायब्ररी सापडत नाही आणि सर्व्हर पडून राहतो. मग ऑटो.कॉन्फ हाताने उघडून ती ओळ काढावी लागते, जिच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की ही फाइल हाताने बदलू नका. दोन्ही नावं स्वतंत्र अवतरणात लिहा, नाहीतर अवतरणच देऊ नका.

हूक : इथे खरं ऑटोमेशन आहे

डेबियन घराण्यात पीजी_अपग्रेडक्लस्टर नावाची कमांड मिळते. ती कॉन्फिगरेशनच्या फाइली पुढे नेते, पोर्टची अदलाबदल करते आणि जुना क्लस्टर आपोआप सुरू होणार नाही अशी सोयही करते. पण तिचा सगळ्यात कामाचा भाग बऱ्याच जणांना ठाऊकच नसतो. इटीसीमध्ये पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन या डिरेक्टरीखाली पीजी_अपग्रेडक्लस्टर.डी नावाची डिरेक्टरी असते. तिथे ठेवलेल्या स्क्रिप्ट (यांनाच हूक म्हणतात) अपग्रेडच्या दोन टप्प्यांवर चालतात : कोरा नवा क्लस्टर तयार झाल्यावर 'इनिट' आणि सगळा डेटा येऊन पडल्यावर 'फिनिश'. स्क्रिप्टला चार आर्ग्युमेंट मिळतात : जुनं व्हर्जन, क्लस्टरचं नाव, नवं व्हर्जन आणि टप्पा. स्क्रिप्ट फेल झाली तर अपग्रेड थांबतं. आम्हाला नेमकं हेच हवं होतं. राहिलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी फोनवरून कळण्यापेक्षा त्याच रात्री तोंडावर आदळलेली परवडते.

'इनिट' टप्प्यात टेबलं वगैरे करायची नाहीत, ती पुढे पुसली जातात. तिथे मी फक्त तपासतो. फोटोतल्या एक्सटेन्शनच्या यादीतलं एकेक नाव घेऊन नव्या व्हर्जनच्या एक्सटेन्शन डिरेक्टरीत त्याची कंट्रोल फाइल आहे का बघतो. नसेल तर नाव छापून स्क्रिप्ट बाहेर पडते. पॅकेज घालायचं राहिलं, हे मधोमध कळण्यापेक्षा सुरुवातीला कळावं. नुसतं पीजी_अपग्रेड वापरणाऱ्यांना हेच काम '--चेक' पर्यायाने होतं. लायब्ररी सापडत नसेल तर तो लोडेबल_लायब्ररीज.टीएक्सटी नावाच्या फाइलीत यादी देतो, आणि १५ पासून या सगळ्या फाइली नव्या डेटा डिरेक्टरीतल्या पीजी_अपग्रेड_आउटपुट.डी मध्ये सापडतात.

'फिनिश' टप्प्यात एक्सटेन्शनं अपडेट करायची (पीजी_अपग्रेड ती स्वतःहून करत नाही), मग पीजी_सेटिंग्जचा नवा फोटो काढून डिफ घ्यायचा. डिफमध्ये अपेक्षित नसलेली एक जरी ओळ दिसली तरी स्क्रिप्ट शून्याशिवाय दुसरा कोड देऊन बाहेर.

आता हे हूक लिहिताना आम्ही कुठे कुठे अडखळलो ते सांगतो, कारण पोस्टचं खरं निमित्त तेच.

पहिलं हूक चाललंच नाही. एररही नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. परवानगी बघितली, मालक बघितला, शेबँगची (स्क्रिप्टची पहिली) ओळ बघितली, सगळं ठीक. अर्धा दिवस गेल्यावर मॅन्युअल नीट वाचलं. तिथे स्पष्ट लिहिलंय की स्क्रिप्टच्या नावात अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन एवढंच चालतं. टिंब चालत नाही. आमच्या फाइलीच्या नावाच्या शेवटी सवयीने '.एसएच' लावलेलं होतं. ते काढलं आणि हूक पळायला लागलं. आता कुठलीही अशी डिरेक्टरी भरली की आधी रन-पार्ट्स या कमांडला '--टेस्ट' देऊन कोणत्या स्क्रिप्ट चालणार त्याची यादी घेतो. यादीत नाव नसेल तर टिंब नाहीतर एक्झिक्यूटची परवानगी, या दोहोंतलं एक.

दुसरी गोष्ट जास्त वाईट होती, कारण ती यशस्वी झाल्यासारखी दिसली. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनाला एसक्यूएलची फाइल दिली, तिसऱ्याच ओळीत एरर आली, उरलेल्या ओळी चालून गेल्या आणि पीएसक्यूएल शून्य कोड देऊन बाहेर पडलं. म्हणजे शेलच्या दृष्टीने सगळं छान. ऑन_एरर_स्टॉप हे व्हेरिएबल १ केल्याशिवाय पीएसक्यूएल फाइलीतल्या एररवर थांबत नाही. ते दिलं की पहिल्याच चुकीला ३ हा कोड देऊन थांबतं. सोबत मोठ्या 'एक्स'चा पर्याय द्यावा, म्हणजे कुणाच्या घरच्या पीएसक्यूएलआरसी फाइलीतली गंमत स्क्रिप्टमध्ये शिरत नाही. हे दोन पर्याय नसलेली पीएसक्यूएलची ओळ रिव्ह्यूमध्ये दिसली की मी ती परत पाठवतो.

त्यालाच लागून एक बारकावा. ऑल्टर सिस्टिम ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. छोट्या 'सी'च्या पर्यायात एकाच अवतरणात दोन-तीन कमांड अर्धविराम देऊन लिहिल्या की त्या मिळून एक ट्रान्झॅक्शन होते आणि ऑल्टर सिस्टिम अडते. प्रत्येक कमांडला वेगळा 'सी' द्या, नाहीतर फाइलीतून चालवा.

तिसरा घोळ पोर्टचा, हूक वापरायला लागण्याआधीचा. नव्या व्हर्जनचं पॅकेज घातलं की डेबियन लगेच त्याचा एक 'मेन' क्लस्टर तयार करतं. ५४३२ वर जुना बसलेला असतो, म्हणून नव्याला ५४३३ मिळतो. आमच्या स्क्रिप्टमध्ये ५४३२ ठोकून लिहिलेला. सगळ्या कमांड यशस्वी झाल्या, जुन्या क्लस्टरवर! आता स्क्रिप्टमध्ये पोर्ट लिहितच नाही. '--क्लस्टर' पर्यायात आर्ग्युमेंटमधून आलेलं व्हर्जन आणि नाव देतो. शिवाय पहिलंच काम म्हणून सर्व्हर_व्हर्जन_नम विचारतो, त्याला १०००० ने भागतो आणि अपेक्षित व्हर्जनशी जुळलं नाही तर तिथेच बाहेर. पॅकेजने आपणहून केलेला तो रिकामा क्लस्टर पीजी_ड्रॉपक्लस्टरने आधी काढावा लागतो, नाहीतर त्याच नावाचा क्लस्टर आधीच आहे म्हणून अपग्रेड पुढे सरकत नाही. काढण्यापूर्वी क्लस्टरांची यादी देणाऱ्या पीजी_एलएसक्लस्टर्सचं आउटपुट दोनदा वाचा. रिकामा कोणता आणि भरलेला कोणता हे स्क्रिप्टवर सोपवायची माझी अजून छाती झालेली नाही, ती एक पायरी आम्ही हातानेच करतो.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

ही तक्रार १४ पासून सुरू झाली. त्या व्हर्जनपासून नवे पासवर्ड मूळच्या सेटिंगनुसार स्क्रॅम-शा-२५६ पद्धतीने साठवले जातात. जुन्या क्लस्टरमधून आलेले हॅश (पासवर्डची साठवलेली रूपं) मात्र एमडी५ चेच असतात. नव्या पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये स्क्रॅम लिहिलेलं असेल तर त्या यूजरचा पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही नाकारला जातो, आणि एरर फक्त 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' एवढीच. उलट बाजूने अडत नाही : ओळीत एमडी५ असेल आणि हॅश स्क्रॅमचा असेल तर पोस्टग्रेस सांभाळून घेतं. म्हणून संक्रमणाच्या काळात ओळ एमडी५ ची ठेवा, पीजी_ऑथआयडीमध्ये ज्यांचा रोलपासवर्ड 'एमडी५' ने सुरू होतो त्यांची यादी काढा, एकेकाचा पासवर्ड नव्याने घाला आणि यादी रिकामी झाल्यावर ओळ बदला. फार लांबवू नका. १८ मध्ये एमडी५ पासवर्ड ठेवले की वॉर्निंग यायला लागली आहे.

रिपोर्ट हळू झाला असेल तर

सेटिंग्जचा डिफ स्वच्छ असेल तर स्टॅटिस्टिक्स बघा. १७ पर्यंतच्या व्हर्जनवर जाताना पीजी_अपग्रेड प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी आणत नाही, त्यामुळे प्लॅनर कोट्यवधी ओळींच्या टेबलाबद्दल अंदाजपंचे निर्णय घेतो. व्हॅक्यूमडीबीला '--ऑल' आणि '--अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस' देऊन चालवायचं. आधी ढोबळ आकडेवारी पटकन येते, मग बारीक. १८ वर जात असाल तर बहुतेक आकडेवारी सोबत येते आणि तिथे हीच कमांड आंधळेपणाने चालवणं उलटं पडतं, कारण पहिल्या टप्प्यात चांगल्या आकडेवारीच्या जागी ढोबळ बसते. त्या व्हर्जनसाठी '--मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली' जोडा आणि मग साधा अ‍ॅनालाइझ करा. १८ चा आणखी एक फटका : इनिटडीबी आता मूळचेच चेकसम (डेटा बिघडला का ते पकडणारी पडताळणी) चालू करून देतं. जुना क्लस्टर चेकसमविना असेल तर पीजी_अपग्रेड दोघांची जोडी जुळवायला तयार होत नाही. नवा क्लस्टर '--नो-डेटा-चेकसम्स' देऊन करा, किंवा जुना बंद असताना पीजी_चेकसम्सने त्यावरच ते चालू करून घ्या.

आणि त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टिमही बदलू नका. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनमध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. जुन्या नियमाने बांधलेले टेक्स्ट कॉलमचे इंडेक्स नव्या नियमाने वाचले की असलेली ओळ सापडत नाही, आणि यूनिक इंडेक्स असूनही डुप्लिकेट ओळी शिरतात. रीइंडेक्स हाच उपाय. पण दोन बदल एकत्र केले असतील तर दोष कशाचा हे शोधण्यातच रात्र संपते.

डॉकरवाल्यांसाठी

इमेजचा टॅग १५ वरून १६ केला आणि कंटेनर पुन्हा पुन्हा पडतोय? लॉगमध्ये लिहिलेलं असेल की डेटा डिरेक्टरी १५ ने तयार केलेली आहे. ती इमेज अपग्रेड करून देत नाही. डॉकर-एंट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी मध्ये ठेवलेल्या स्क्रिप्टवरही भिस्त ठेवू नका, त्या डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तरच चालतात. डम्प घेऊन नव्या व्हॉल्यूममध्ये रिस्टोअर करणार असाल तर पीजी_डम्पऑल घ्या. एकेका डेटाबेसचा पीजी_डम्प घेतला तर रोल येत नाहीत, आणि '--क्रिएट' दिलं नसेल तर डेटाबेसला चिकटवलेल्या सेटिंग्जही गळतात. १८ च्या इमेजमध्ये व्हॉल्यूम लावायची जागाही एक पायरी वर सरकली आहे. जुन्याच पाथवर माउंट करू नका.

तालीम

हूक पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरवर चालवू नका. कालच्या बॅकअपमधून एक प्रत उभी करा, अपग्रेड चालवा, मग 'फिनिश'ची स्क्रिप्ट हाताने दुसऱ्यांदा चालवा. दुसऱ्या वेळी काहीही बदललं किंवा 'हे आधीच आहे' म्हणून एरर आली तर स्क्रिप्ट कच्ची आहे. खऱ्या रात्री ती अर्ध्यावर थांबून पुन्हा चालवावी लागणार आहे हे धरूनच लिहा.

'--लिंक' पर्याय वापरणार असाल तर तालमीत परतीचा रस्ताही चालून बघा. फाइली दोन्हीकडे एकच असल्यामुळे नवा क्लस्टर एकदा सुरू झाला की जुना वापरता येत नाही. तेव्हा परतीचा रस्ता म्हणजे बॅकअपमधून रिस्टोअर, आणि त्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलेलं असावं.

परवाच्या अपग्रेडला हूक 'इनिट'मध्येच थांबलं. एका एक्सटेन्शनचं पॅकेज घालायचं राहिलं होतं. पॅकेज घातलं, अर्धवट झालेला नवा क्लस्टर काढला, पुन्हा सुरू केलं. 'फिनिश'च्या डिफमध्ये एक ओळ आली, लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंटची. ती कुणीतरी ऑल्टर सिस्टिमने लावलेली होती, कुणी ते अजून कबूल झालेलं नाही. ओळ कॉन्फ.डीमधल्या फाइलीत गेली, फाइल आता तेवीस ओळींची झाली. शेवटी मुद्दाम सर्व्हर रीबूट केला, पीजी_एलएसक्लस्टर्समध्ये नवा 'ऑनलाइन' आणि जुना 'डाउन' दिसला, आणि पहिला बॅकअप पूर्ण झाल्याची ओळ लॉगमध्ये पाहूनच लॅपटॉप मिटला.